धूम्रपान-त्यागाच्या पद्धतींचा इतिहास : शपथेपासून उपचारापर्यंत

१. प्रस्तावना

तंबाखूच्या प्रसाराविषयी इतिहासकारांनी विपुल लेखन केले आहे. तिची लागवड, तिचा व्यापार, तिच्यावरील कर आणि तिच्यातून उभी राहिलेली औद्योगिक साम्राज्ये हे अभ्यासाचे परिचित विषय आहेत. तंबाखू सोडण्याचा इतिहास मात्र तुलनेने उपेक्षित राहिला आहे. वास्तविक तंबाखूची ओढ लागणे आणि ती सुटावी म्हणून धडपड करणे, या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वयाच्या आहेत. सोळाव्या शतकात बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने हिस्पॅनियोला बेटाचा वृत्तांत लिहिताना एक महत्त्वाची नोंद केली आहे. तेथील काही स्पॅनिश लोकांना या सवयीबद्दल दटावले असता, ती सोडणे आता आपल्या हाती राहिलेले नाही, असे त्यांनी सांगितले. युरोपीय माणसाचा तंबाखूशी परिचय होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता.

या उत्तराकडे पुढील काळाने कसे पाहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ‘हे माझ्या हाती नाही’ असे म्हणणारा माणूस पापी, दुबळ्या मनाचा की रुग्ण, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे दिले गेले आणि त्या उत्तरानुसार सोडवणुकीची पद्धत ठरली. अपयशाचा दोष कोणावर ठेवायचा, हेही त्यावरूनच ठरले. धूम्रपान-त्यागाच्या पद्धतींचा इतिहास हा या दोषाच्या स्थलांतराचा इतिहास आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

२. आज्ञा आणि बंदी

सतराव्या शतकातील राज्यकर्त्यांच्या दृष्टीने धूम्रपान हा प्रजेचा एक उपद्रवी छंद होता व छंदावर आज्ञा हा पुरेसा उपाय होता. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी तिच्यावरील आयात कर पौंडामागे २ पेन्सवरून ६ शिलिंग १० पेन्सपर्यंत वाढवला. त्याच सुमारास असद बेग हा मोगल अधिकारी विजापूरहून तंबाखू घेऊन अकबराच्या दरबारात आला. हकिमांनी या अपरिचित वनस्पतीस आक्षेप घेतला, तरीही बादशहाने काही झुरके घेतल्याचे असद बेगने नमूद केले आहे. दख्खनमधून उत्तरेकडे गेलेली ही सवय इतक्या वेगाने पसरली की १६१७ मध्ये जहांगीराला धूम्रपानास मनाई करणारे फर्मान काढावे लागले.

या फर्मानाच्या संदर्भात जहांगीराच्या आत्मवृत्तातील एक प्रसंग उद्बोधक आहे. इराणचा शाह अब्बास यानेही तंबाखूवर बंदी घातली होती. परंतु त्याच्या दरबारी गेलेला मोगल वकील खान-ए-आलम तंबाखूवाचून क्षणभरही राहू शकत नसे. अखेर शाहने त्याला सवलत दिली. दोन सामर्थ्यवान राजसत्तांच्या आज्ञा एका माणसाच्या तलफेपुढे निष्प्रभ ठरल्या, असा याचा अर्थ होतो. १६३३ मध्ये तुर्की सुलतान चौथा मुराद याने धूम्रपानास देहदंड ठरवला, पण त्यामुळेही सवय नाहीशी झाली नाही. आज्ञा सोडण्याचा हुकूम देऊ शकत होती. सोडायचे कसे हे मात्र ती सांगत नव्हती. फ्रान्सिस बेकनने १६२३ मध्ये तंबाखूच्या गुप्त सुखाने जिंकलेली माणसे पुन्हा आवरणे कठीण असते, या आशयाचे निरीक्षण नोंदवले. परंतु या निरीक्षणाचा उपचाराच्या अंगाने विचार व्हायला तीन शतके जावी लागली.

३. शपथ आणि इच्छाशक्ती

आज्ञेच्या जागी हळूहळू शपथ आली. बाहेरच्या सत्तेऐवजी माणसाने स्वतःच स्वतःला बांधून घ्यावे, अशी ही कल्पना होती. भारतीय समाजात तिला पूर्वापार आधार होता. काशीस जाऊन एखादी आवडती वस्तू कायमची सोडण्याची प्रथा महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे. देवासमोर, गुरूसमोर किंवा वडीलधाऱ्यांसमोर घेतलेल्या शपथेला साक्षीदार असतो. ती मोडणे म्हणजे केवळ स्वतःशी केलेला करार मोडणे नसते. महात्मा गांधींनी आपल्या आत्मचरित्रात बालपणी एका नातेवाइकाबरोबर चोरून धूम्रपान केल्याची, त्यासाठी नोकरांच्या खिशातील पैसे घेतल्याची आणि त्या पराधीनतेच्या वैतागातून आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचल्याची हकीकत सांगितली आहे. त्या धक्क्यातूनच दोघांची ती सवय सुटली.

पाश्चात्त्य जगात एकोणिसाव्या शतकात मद्यपानविरोधी चळवळीच्या जोडीने तंबाखूविरोधी प्रतिज्ञापत्रे आली. अमेरिकेत १८९९ मध्ये शिकागो येथे ल्युसी पेज गॅस्टन यांनी सिगारेटविरोधी संघ स्थापन केला. काही राज्यांनी सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. परंतु पहिल्या महायुद्धात सैनिकांना सिगारेट पुरवल्या जाऊ लागल्या आणि १९२७ पर्यंत हे कायदे मागे घेतले गेले.

इच्छाशक्तीवर भिस्त ठेवणाऱ्या पद्धतीची मर्यादा सुशिक्षितांच्या उदाहरणांतून विशेष स्पष्ट होते. मनोविश्लेषणाचे प्रणेते सिग्मंड फ्रॉइड यांना १८९४ च्या सुमारास हृदयाच्या तक्रारींमुळे सिगार सोडण्याचा सल्ला मिळाला होता. १९२३ मध्ये त्यांच्या तोंडात कर्करोग आढळला. पुढील सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरीही सिगार सुटली नाही. त्याच १९२३ मध्ये इतालो स्वेवो यांची इटालियन कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक झेनो आयुष्यभर ‘शेवटची सिगारेट’ ओढत राहतो. मानवी मनाच्या अभ्यासात आयुष्य वेचलेल्या माणसाची जिथे ही स्थिती, तिथे सामान्य माणसाच्या अपयशाला केवळ मनोदौर्बल्य म्हणणे कितपत न्याय्य, हा प्रश्न त्या काळी क्वचितच कोणी विचारला.

४. जाहिरातींतील रामबाण औषधे

जिथे निश्चय हरतो तिथे बाजार पुढे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘नो-टू-बॅक’ नावाच्या गोळ्यांची मोठ्या प्रमाणावर जाहिरात होत असे. इलिनॉय राज्यातील ड्वाइट येथे लेस्ली कीली यांनी ‘सुवर्णयुक्त’ औषधाची टोचणी देऊन दारू, अफू व तंबाखू यांपासून मुक्ती देण्याचा दावा करणारी संस्था चालवली. त्यांच्या औषधातील सुवर्णाचा दावा वैद्यकीय कसोटीवर टिकला नाही. परंतु व्यसन हा रोग असून त्यावर उपचार होऊ शकतो, ही कल्पना अशा व्यवसायांतून लोकांपर्यंत पोहोचली, हेही नोंदवले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. डॅनियल क्रेस यांनी शिकागोत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा वापर केला. हे द्रावण तोंडात लावल्यावर धुराची चव असह्य होते, असे त्यामागील तत्त्व होते. १९३६ पासून लोबेलिया वनस्पतीतील लोबेलीन या द्रव्याचा प्रयोग सुरू झाला. त्याचा परिणाम निकोटिनसारखा असल्याने ते तंबाखूची जागा घेईल अशी अपेक्षा होती. अनेक दशके ही औषधे दुकानांतून विकली गेली. अखेर १९९३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लोबेलीन व चांदीचे क्षार यांच्या उपयुक्ततेचा पुरेसा पुरावा नसल्याचा निर्णय दिला. या काळातील औषधे फसली, तेव्हा दोष औषधाला न लागता बहुधा घेणाऱ्यालाच लागला.

५. पुराव्याचे युग आणि डॉक्टरांचा आदर्श

१९५० मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आणि अमेरिकेत अर्न्स्ट विंडर व एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध केले. डॉल व हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांचीच पाहणी हाती घेतली. तीत ३४,४३९ पुरुष डॉक्टर सहभागी झाले. आपल्याच व्यवसायबंधूंच्या मृत्यूंचे आकडे पुढे येऊ लागल्यावर ब्रिटिश डॉक्टरांनी मोठ्या संख्येने धूम्रपान सोडले.

या पाहणीचा पन्नास वर्षांचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या ६०, ५०, ४० व ३० व्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यांना अनुक्रमे सुमारे ३, ६, ९ व १० वर्षांचे आयुष्य अधिक लाभते, असे त्यातून दिसले. ‘आता सोडून काय उपयोग’ या नेहमीच्या सबबीला मिळालेले हे सर्वांत ठोस उत्तर होय. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने व १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने अहवाल प्रसिद्ध केले आणि का सोडावे हा प्रश्न शास्त्रीय पातळीवर मिटला. कसे सोडावे हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९६४ च्या अहवालाने तंबाखूला व्यसन न म्हणता ‘सवय’ असेच म्हटले होते, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

६. निकोटिनची ओळख : पाणबुडी ते च्युइंगम

धूम्रपानाच्या मुळाशी निकोटिनची भूक आहे, हे एका स्कॉटिश डॉक्टरने पूर्वीच दाखवले होते. लेनॉक्स जॉन्स्टन यांनी स्वतःला व ३५ स्वयंसेवकांना निकोटिनची इंजेक्शने देऊन १९४२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. धूम्रपान करणाऱ्यांना ही इंजेक्शने सुखद वाटत आणि पुरेशी इंजेक्शने घेतल्यावर सिगारेटऐवजी इंजेक्शनच बरे वाटू लागे. वैद्यकजगताने या निष्कर्षांची दखल घेण्यास विलंब लावला.

१९६७ च्या अखेरीस स्वीडनमधील क्लास लुंडग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने लिओ या औषध कंपनीतील आपले मित्र ओव्हे फेर्नो यांना एक निरीक्षण कळवले. पाणबुडीत धूम्रपानास मनाई असे. तेव्हा नाविक तोंडात धरण्याच्या तंबाखूवर भागवीत आणि त्यांची तलफ शमत असे. धूर टाळून निकोटिन देता आले तर सिगारेट सोडणे सुलभ होईल, या विचारातून निकोटिनची च्युइंगम जन्मास आली. निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतून शोषले जाण्यासाठी तोंडात अल्कधर्मी वातावरण लागते. म्हणून च्युइंगममध्ये क्षार मिसळण्यात आले. महाराष्ट्रातील तंबाखू खाणारा माणूस तळहातावर चुना टाकून तंबाखू मळतो, त्यामागेही हेच रसायनशास्त्र आहे. अनुभवाने लोकांना पूर्वीच माहीत असलेली गोष्ट प्रयोगशाळेने सोडवणुकीसाठी वापरली.

१९७८ मध्ये स्वित्झर्लंडने व १९८४ मध्ये अमेरिकेने या च्युइंगमला मान्यता दिली. निकोटिनच्या पट्ट्या १९९० नंतर प्रचारात आल्या. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्ये या पद्धतीची तात्त्विक बैठक स्पष्ट केली. माणसे धूम्रपान करतात ती निकोटिनसाठी, मरतात मात्र धुरातील डांबरासारख्या द्रव्यांमुळे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. १९८८ मध्ये सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांच्या अहवालाने निकोटिन हे व्यसन लावणारे द्रव्य असल्याचे निःसंदिग्धपणे मान्य केले. लास कासास यांनी नोंदवलेल्या त्या जुन्या उत्तराला अशा रीतीने विज्ञानाची मान्यता मिळाली. निकोटिनच्या या पर्यायी पुरवठ्यामुळे सोडण्यात यश येण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते, असे अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो.

७. विस्मरणात गेलेली गोळी

लॅबर्नम या झाडाच्या बियांत सायटिसीन नावाचे द्रव्य असते. मेंदूतील ज्या ग्राहींवर निकोटिन कार्य करते, त्यांवरच ते अंशतः कार्य करते. त्यामुळे तलफ सौम्य होते आणि सिगारेटपासून मिळणारे सुखही घटते. बल्गेरियात १९६४ पासून ‘टॅबेक्स’ या नावाने त्याच्या गोळ्या मिळू लागल्या व पूर्व युरोपात त्यांचा वापर रूढ झाला. स्वस्त असूनही हे औषध पश्चिमेकडे जवळजवळ चार दशके अपरिचित राहिले. शीतयुद्धाची सीमा ही ज्ञानाचीही सीमा होती. २०११ मध्ये वॉर्सा येथील ७४० व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सायटिसीन घेणाऱ्यांपैकी ८.४ टक्के व निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांपैकी २.४ टक्के लोक वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिले होते.

दरम्यान नैराश्यावरील ब्युप्रोपिऑन या औषधास १९९७ मध्ये आणि सायटिसीनच्या रचनेवरून विकसित केलेल्या व्हॅरेनिक्लीनला २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. व्हॅरेनिक्लीनमुळे मानसिक विकार उद्भवतात अशा शंकेने २००९ मध्ये त्यावर कडक इशारा छापण्यात आला होता. सुमारे ८,००० व्यक्तींवरील चाचणीनंतर २०१६ मध्ये तो काढून टाकण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत निकोटिनचे पर्याय, ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लीन व सायटिसीन या चारही उपायांची शिफारस केली.

८. शब्दांचे औषध

औषधांच्या बरोबरीने संवादाच्या पद्धतीही विकसित झाल्या. १९६० च्या सुमारास अमेरिकेत डॉ. वेन मॅकफार्लंड व धर्मोपदेशक एल्मन फोकनबर्ग यांनी पाच दिवसांचा सामूहिक कार्यक्रम सुरू केला. भरपूर पाणी, दीर्घ श्वसन, हलका आहार व अडचणीच्या क्षणी ज्याच्याशी बोलता येईल असा सोबती, ही त्याची अंगे होती. शपथेतील साक्षीदार येथे मदतनीस झाला.

१९७९ मध्ये रसेल व सहकाऱ्यांनी लंडनमधील पाच दवाखान्यांत २,१३८ धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना काहीच सांगितले नाही अशांपैकी ०.३ टक्के लोक वर्षभर धूम्रपानमुक्त राहिले. ज्यांना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटे स्पष्ट सल्ला दिला, पत्रक दिले आणि पुन्हा विचारणा होईल असे सांगितले, त्यांच्यात हे प्रमाण ५.१ टक्के होते. आकडा लहान दिसतो. परंतु प्रत्येक डॉक्टरने प्रत्येक रुग्णाला असे विचारल्यास त्याचा एकत्रित परिणाम फार मोठा होतो, हा रसेल यांचा मुद्दा होता. १९८३ मध्ये जेम्स प्रोचास्का व कार्लो डिक्लेमेंटे यांनी सोडण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने घडते असे प्रतिपादन केले. त्यांच्या सिद्धांतावर पुढे टीका झाली, तरी पुन्हा सुरू होणे हा प्रक्रियेचाच एक भाग मानण्याची दृष्टी त्यातून रूढ झाली.

येथे एक विरोधाभास नोंदवणे आवश्यक आहे. जगात आजवर ज्यांनी धूम्रपान सोडले, त्यांतील बहुसंख्य लोकांनी औषध वा समुपदेशन न घेताच ते सोडले. याचवेळी, मदतीशिवाय केलेल्या एका प्रयत्नात सहा ते बारा महिने टिकणाऱ्यांचे प्रमाण ३ ते ५ टक्केच असते. दोन्ही विधाने खरी आहेत. कारण लोक अनेकदा प्रयत्न करतात. इच्छाशक्ती निरुपयोगी नाही. मात्र तिच्यावर एकटीवर सगळा भार टाकला की बहुतेकांना वारंवार हरावे लागते, आणि प्रत्येक पराभवाबरोबर आयुष्याची वर्षे खर्ची पडतात.

९. भारत आणि महाराष्ट्र

भारतात २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तंबाखूमुक्तीची १३ केंद्रे सुरू झाली. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास, १८ वर्षांखालील व्यक्तींना विक्रीस व शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत विक्रीस मनाई केली. धूम्रपानबंदीचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले. २०१६ मध्ये राष्ट्रीय दूरध्वनी सेवा सुरू झाली व सप्टेंबर २०१८ पासून तिचा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवर छापणे बंधनकारक झाले.

तथापि पाश्चात्त्य देशांत विकसित झालेल्या बहुतेक पद्धती सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. सिगारेट ओढणारे ४ टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के होते. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. तंबाखू-चुना, गुटखा व विशेषतः स्त्रियांमध्ये रूढ असलेली मिश्री हे येथील व्यसनाचे खरे रूप आहे. मिश्रीला तर अनेक घरांत दात घासण्याचे साधन मानले जाते. ज्या गोष्टीला व्यसनच म्हटले जात नाही, ती सोडण्याची पद्धत कोणी विचारत नाही. शिवाय विडीच्या बंडलाच्या मानाने निकोटिनची च्युइंगम महाग पडते. धूरविरहित तंबाखू सोडवण्याच्या औषधांविषयीचा पुरावाही धूम्रपानाइतका भक्कम नाही. तेथे समुपदेशनाचे महत्त्व अधिक आहे. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत निकोटिनच्या पर्यायांचा समावेश झाला, ही या दृष्टीने आशादायक घटना होय.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, तंबाखू सोडण्याची पद्धत ही व्यसनाविषयीच्या समजुतीची छाया असते. छंद मानला तेव्हा फर्मान निघाले, पाप मानले तेव्हा शपथ आली, दुबळेपणा मानला तेव्हा उपदेश झाला आणि अवलंबित्व मानले तेव्हा उपचार आला. दुसरा, जुन्या पद्धतींतील सारेच टाकाऊ नव्हते. शपथेतील साक्षीदार समुपदेशकाच्या रूपाने व मळलेल्या तंबाखूतील चुना च्युइंगममधील क्षाराच्या रूपाने आधुनिक उपचारात टिकून राहिला. तिसरा, उपायांचे ज्ञान उपलब्ध असूनही राजकीय सीमा, किंमत आणि सामाजिक समजुती यांमुळे ते गरजवंतापर्यंत उशिरा पोहोचते.

शैक्षणिक संस्थांच्या संदर्भात चौथा निष्कर्ष अधिक निकडीचा आहे. महाविद्यालयाच्या आवारात धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २००३ च्या कायद्यात आहे व ती आवश्यकही आहे. परंतु केवळ दंडावर थांबणारी संस्था सतराव्या शतकातील फर्मानाच्या पुढे गेलेली नसते. दंड घेताना त्या विद्यार्थ्याला, शिपायाला वा सहकाऱ्याला कोणी दोन मिनिटे थांबवून सोडायचे आहे का, एवढे विचारले, मदत कोठे मिळते ते सांगितले आणि महिनाभराने पुन्हा चौकशी केली, तर लंडनमधील त्या पाच दवाखान्यांत जे घडले ते येथेही घडू शकते. ‘हे माझ्या हाती नाही’ असे सांगणाऱ्या माणसाला चार शतके प्रामुख्याने शिक्षा, उपदेश किंवा खोटी औषधे मिळाली. त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवून त्याला हात देणे, हाच या इतिहासाचा व्यवहारातील अर्थ आहे.